अंगावरची खूण



यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या कार्यालयातील जुने प्रवेश अर्ज नीट लावून ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले होते. ते करताना एका रकान्याकडे आमचे लक्ष गेले. नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, आणि सर्वांत खाली 'अंगावरील ओळखीची खूण'. या रकान्यात कोणी लिहिले आहे 'उजव्या गालावर तीळ', कोणी 'डाव्या भुवईवर जखमेचा वण', कोणी 'हातावर गोंदण'. एका अर्जात मात्र वडिलांनी आधी 'वरचा ओठ शिवलेला' असे लिहिले, मग ते खोडले आणि वर लिहिले, 'काही नाही'.

तो खोडलेला मजकूर आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. गालावरचा तीळ लिहिताना कोणाचाच हात अडला नाही. मग ओठावरचा वण लिहिताना का अडावा? खूण म्हणून दोन्ही सारख्याच. पण एक खूण 'ओळख' ठरली आणि दुसरी 'उणीव' ठरली. हा फरक शरीराने केला की माणसांनी केला? याचा विचार सर्वांनी मिळून करावा, म्हणून हा लेख.

खुणा तीन तऱ्हेच्या

काही खुणा आपण जन्माला येतानाच आणतो. तीळ, लासे, रंग, उंची, बोटांची ठेवण या सगळ्या त्यातल्या. काही खुणा आपण हौसेने किंवा रीत म्हणून करून घेतो. आणि काही खुणा आयुष्य आपल्याला देते. पडणे, भाजणे, आजार, अपघात, शस्त्रक्रिया यांच्या त्या खुणा.

दुसऱ्या तऱ्हेच्या खुणा आपल्या घराघरांत आहेत. तान्ह्या बाळाचे कान टोचायला सोनार येतो. बाळ रडते, आजी त्याच्या हातावर साखर ठेवते, आणि कानाला कायमचे भोक पडते. ते व्यंग आहे असे कोणी म्हणत नाही. उलट कान टोचले नाहीत तर लोक विचारतात. आपल्यातील बरीच कुटुंबे खानदेशातून, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार भागातून ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतेला आली. त्यांच्या घरी हातावर, हनुवटीवर, कपाळावर गोंदण असलेल्या आज्या असतात. बाकीचे दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे त्या सांगतात. सुईने टोचून कातडीत रंग भरायचा, तो आयुष्यभर वागवायचा, आणि त्याला दागिना म्हणायचे! म्हणजे शरीरात बदल झाला एवढ्यावरून लाज किंवा अभिमान ठरत नाही. तो बदल कोणी केला, कशासाठी केला आणि भोवतालच्या लोकांनी त्याला काय नाव दिले, त्यावरून ते ठरते.

नाक आणि अब्रू

मराठीत अब्रूचा मुक्काम नाकावर आहे. आपण 'नाक कापले' म्हणतो, 'नाक वर करून' बोलतो, 'नाक घासायला' लावतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, ही म्हण तर सगळ्यांना पाठ आहे. शूर्पणखेचे नाक, म्हणजे नासिका, जेथे कापली ते नाशिक, अशी नाशिकच्या नावाची परंपरेने सांगितलेली कथा आहे.

हे नुसते बोलण्यापुरते नव्हते. पूर्वीच्या काळी अनेक राज्यांत नाक कापणे ही खरोखरीची शिक्षा होती. गुन्हेगाराचे, शत्रूच्या माणसाचे, संशय घेतलेल्या बायकोचे नाक कापत. त्याने जीव जात नसे. पण तो माणूस जेथे जाईल तेथे ती शिक्षा तोंडावर घेऊन जाई. कापणारा निघून जाई, लाज मात्र कापलेल्याच्या वाट्याला येई. हा उलटा न्याय आपण नीट लक्षात ठेवू या, कारण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

पुण्याजवळचा एक कारागीर

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला आणि म्हैसूरचा टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला, असे युद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. सुरतेच्या वाचकांना हे नाव पारशी वाटेल. पण बातमीत तो मराठा, शेतकरी जातीचा, असे स्पष्ट म्हटले आहे. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले असावे.

हा बैलहाक्या टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुटून आल्यावर कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले. वर्षाहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. अभ्यासक या कारागिराला कुंभार समजतात. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. पेशव्यांच्या पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता, त्याने या बैलहाक्याचेही चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात चित्रासह सगळी हकिकत छापून आली.

ती कृती अशी. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या जागी नाकासारखा आकार द्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण सगळी नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. जुन्या नाकाच्या कडा खरवडून ओल्या करायच्या. कपाळावरून सोडवलेली कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि त्या कडांत बसवायची. जोड धरून ठेवण्यासाठी पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाचसहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. तोच कात, जो विड्यात घालतात! चार दिवस तसेच ठेवून नंतर तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवायच्या. रोग्याने पाचसहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे, म्हणजे त्या मोकळ्या राहतात. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापून टाकायची.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी विचारावे, ती पट्टी का ठेवायची? कातडी जिवंत राहायला रक्त लागते. पूर्ण तोडलेला जाड तुकडा रक्तावाचून मरतो. पट्टीतून कपाळाचे रक्त येत राहते. तीन आठवड्यांत नाकाच्या बाजूने नव्या बारीक रक्तवाहिन्या तुकड्यात शिरतात, आणि मग जुन्या पुलाची गरज उरत नाही. आजही नाकावरच्या मोठ्या जखमा भरताना कपाळाच्या कातडीची ही रीत शल्यविशारद वापरतात.

ही विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची कृती दिली आहे. त्याच ठिकाणी कान टोचणे आणि दागिन्यांच्या ओझ्याने फाटलेली पाळी जोडणे यांचेही वर्णन आहे. १७९४ ची बातमी वाचून लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये याच रीतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे या शाखेला 'प्लास्टिक सर्जरी' हे नाव पडले. त्यातला 'प्लास्टिक' म्हणजे आपल्या बादलीचे प्लास्टिक समजू नका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे मातीसारखा आकार देणे. म्हणजे कुंभाराचेच काम!

मात्र एक गोष्ट मनाला लागते. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे छापली गेली, चित्रकाराचे नाव राहिले. ज्याच्या बोटांत ती विद्या होती त्याची फक्त जात नोंदली गेली. माणसाला खुणेवरून ओळखायचे आणि नाव विसरायचे, ही खोड तेव्हाही होतीच.

नवे नाक कोणाचे?

आता आमच्या विषयाचा गाभा. नाक गेले त्या दिवशी तो बैलहाक्या दुसरा माणूस झाला का? आणि कपाळाच्या कातडीचे नाक बसले तेव्हा तो पुन्हा 'मूळचा' झाला का?

अशा शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांविषयी एक नवलाची गोष्ट नोंदलेली आहे. डोळ्यांमधली पट्टी कापेपर्यंत नव्या नाकाला बोट लावले तर कपाळाला बोट लावल्यासारखे वाटते. कारण तेथील संवेदना अजून कपाळाच्याच मज्जातंतूंतून जातात. नाक जागेवर आलेले असते, पण मेंदूच्या वहीत त्याचा पत्ता जुनाच असतो. तो बदलायला वेळ लागतो. आपलेच कातडे, आपल्याच तोंडावर, तरी 'आपले' व्हायला दिवस लागतात.

याहून पुढची पायरी आज आपण पाहतो, ती हाताच्या प्रत्यारोपणाची. भारतात पहिले हातांचे प्रत्यारोपण २०१५ मध्ये कोचीला झाले. तेथेच २०१७ मध्ये अपघातात दोन्ही हात गमावलेल्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीला केरळमधील एका तरुणाचे हात जोडण्यात आले. ते हात तिच्या मानाने राठ आणि सावळे होते. हळूहळू त्यांचा रंग तिच्या रंगाच्या जवळ आला, बोटे सडपातळ झाली, आणि त्या हातांनी ती पुन्हा लिहू लागली. हात दुसऱ्याचे, पण काय लिहायचे ते तिचे.

आपल्या सुरतेचाही यात वाटा आहे. येथून दान झालेला एका लहान मुलीचा हात २०२४ मध्ये मुंबईतील एका मुलीला जोडण्यात आला. २०२५ च्या राखीपौर्णिमेला त्याच हाताने तिने त्या लहान मुलीच्या भावाला राखी बांधली. तो हात कोणाचा, असे त्या भावाला विचारले तर तो काय सांगेल? आम्हांला वाटते, तो म्हणेल, दोघींचा.

पण हे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी परक्या पेशी ओळखतात आणि त्यांच्यावर हल्ला करतात. जोडलेला हात त्यांना परकाच वाटतो. म्हणून तो टिकवण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. मन ज्याला 'माझा' म्हणते त्याला शरीर 'परका' म्हणते, आणि दोघांचा समेट रोज गोळ्या घेऊन करावा लागतो. शरीराला महत्त्वच नाही, आत्मा तेवढा खरा, असे सांगून मोकळे होणे म्हणूनच आम्हांला पटत नाही. ज्याचा हात गेला त्याला हात हवाच असतो. त्याला उपदेश नको, उपाय हवा असतो.

झिजलेले ठसे

सरकारही आपल्याला शरीरावरून ओळखते. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले. बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा यांवरून माणूस ओळखायचा, अशी ही योजना. परंतु आमच्या पालकांपैकी कित्येक जण लूमच्या कारखान्यात, हिरे घासायच्या कामात, बांधकामावर आहेत. घासून घासून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट होतात, आणि यंत्र म्हणते की जुळत नाही. ज्या कष्टाने घर उभे केले त्याच कष्टाने ओळख पुसावी, याला काय म्हणावे! अशा वेळी बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून पडताळणी करता येते, आणि ज्यांना बोटे किंवा डोळे नाहीत त्यांच्यासाठीही नोंदणीची वेगळी सोय आहे. पालकांनी खिडकीवरून परत न फिरता ती मागावी.

विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी तुमचे ठसे आणि फोटो पुन्हा घेतात, कारण तुमचे शरीर बदललेले असते. क्रमांक मात्र तोच राहतो. शरीर बदलते आणि माणूस तोच राहतो, हे सरकारी कार्यालयानेही मान्य केले आहे. मग आपल्याला ते मानायला इतके जड का जावे?

ग्रहण आणि ओठ

आता त्या खोडलेल्या शब्दांकडे परत येतो. फाटलेल्या ओठाविषयी आपल्याकडे, आणि गुजरातीभाषक शेजाऱ्यांतही, एक समज आहे. गरोदरपणी ग्रहणात आईने विळी-सुरी हातात धरली म्हणून बाळाचा ओठ कापला गेला. हे साफ खोटे आहे. बाळाच्या तोंडाचे भाग पोटात असताना दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. वरचा ओठ जुळण्याचे काम गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ते जुळणे अपुरे राहिले की ओठात फट राहते. त्यामागे आनुवंशिकता, काही औषधे, तंबाखूचा धूर अशी अनेक कारणे मिळून असू शकतात. ग्रहण त्यात नाही, आणि विळीही नाही.

बाळ काही महिन्यांचे झाले की ओठ शिवता येतो. टाळू फाटलेली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत तीही जोडतात, आणि पुढे बोलणे सुधारण्यासाठी तज्ज्ञांची मदत घेतात. उपचार लवकर झाले तर मूल इतरांसारखेच बोलते, खाते, गाते. राहतो तो एक बारीक वण. मूल तो कायम वागवते. पण जन्मभर दोष वागवते ती आई. नाक कापणारा निघून जातो आणि लाज कापलेल्याला राहते, त्यातलाच हा प्रकार. येथे तर कापणारा कोणी नाहीच, तरी लाज एका निरपराध बाईच्या पदरी बांधली जाते. घरातील वडीलधाऱ्यांनी हे एकदा तरी मोठ्याने बोलून दाखवावे की यात तुझी काही चूक नव्हती. त्या एका वाक्याने आईच्या मनावरचे किती वर्षांचे ओझे उतरेल!

शाळेत काय करता येईल?

विद्यार्थी मित्रांनो, मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात उभे असतो तेव्हा तुमची टोपणनावे आमच्या कानांवर येतात. चष्म्या, बुटक्या, काळू, लंगड्या, तोतऱ्या. तुम्ही म्हणाल, आम्ही प्रेमाने म्हणतो. काही वेळा ते खरेही असेल. पण ज्याला म्हणता तो हसतो म्हणजे त्याला आवडते, असे समजू नका. गेल्या वर्षी वर्गाचा फोटो काढताना एक मुलगा ऐन वेळी तोंडावर हात धरायचा. तीनदा फोटो काढावा लागला. आम्ही त्याच्यावर रागावलो. का, ते आमच्या नंतर लक्षात आले. ही चूक आमची होती, आणि ती येथे लिहिणे आम्हांला योग्य वाटते.

कोणी आजारातून, अपघातातून, शस्त्रक्रियेतून बरा होऊन वर्गात येईल तेव्हा एवढे करा. पहिल्याच दिवशी 'काय झालं?' असे विचारू नका. सांगायचे असेल तर तो सांगेल. टक लावून बघू नका, आणि मुद्दाम दुसरीकडेही बघू नका. पूर्वी ज्या बाकावर बसत होता तेथे त्याची जागा ठेवा. पूर्वी ज्या खेळात घेत होता त्यात घ्या. मदत हवी का, असे विचारा, आणि तो नको म्हणाला तर सोडून द्या. त्याला नावाने हाक मारा.

पालकांना आणि विश्वस्त मंडळाला विनंती अशी की दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा जाणून घ्यावा. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेले, खुजेपणा असलेले, ॲसिड हल्ल्यात भाजलेले लोकही त्यात येतात. जिन्याला उतार आणि खालच्या मजल्यावर एक वर्ग मिळावा, ही आमची मागणी या कायद्याला धरूनच आहे. मंडळाच्या पुढील बैठकीत ती आम्ही लेखी मांडणार आहोत.

प्रवेश अर्जातील तो रकाना काढून टाकावा, असे आमच्यातील काहींचे मत पडले. चर्चेअंती तो ठेवावा असे ठरले, पण ऐच्छिक. ज्याला लिहायचे त्याने लिहावे, तीळ लिहावा तसा वणही लिहावा. ज्याला नको त्याने मोकळा सोडावा. मात्र लिहून खोडण्याची वेळ आपल्या शाळेत कोणावर येऊ नये.

तो जुना अर्ज आम्ही पुन्हा फाइलीत ठेवला. त्यावर सर्वांत वर मुलाचे पूर्ण नाव आहे, सुवाच्य अक्षरात, आणि त्यात एकही खाडाखोड नाही.